सुरांमागचे काम

ब्रिटनमधील अनेक शालेय विद्यार्थी पंधरा-सोळाव्या वर्षी एक-दोन आठवडे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतात. संगीताची आवड असणाऱ्यांपुढे संगीतक्षेत्रातील धर्मादाय संस्थांचाही पर्याय असतो. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी इयान स्टाउट्झकर यांच्यासह १९७७ मध्ये स्थापन केलेली 'लाइव्ह म्युझिक नाऊ' ही अशीच एक संस्था. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य म्हणून मेन्युहिन आपल्याला परिचित आहेत. ही संस्था तरुण व्यावसायिक कलावंतांना मानधन देऊन वृद्धाश्रमांत, रुग्णालयांत आणि विशेष मुलांच्या शाळांत कार्यक्रमांसाठी पाठवते.

अशा संस्थांमध्ये अनुभवासाठी आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती सहसा वाद्य येत नाही. कार्यक्रमांच्या तारखा जुळवणे, देणगीदारांच्या पत्रांची व्यवस्था ठेवणे, श्रोत्यांचे अभिप्राय नोंदवणे, अशी कामे त्याच्याकडे येतात. रुग्णाचे छायाचित्र संमतीवाचून घ्यायचे नाही, हेही तो येथेच शिकतो. वृद्धाश्रमातील तासाभराच्या गायनामागे किती जणांचे श्रम असतात, याची जाणीव त्याला या कामांतून होते.

मात्र १४ ते १६ वर्षांच्या विद्यार्थ्यांना कामाशी निगडित शिक्षण देण्याची शाळांवरील कायदेशीर सक्ती इंग्लंडमध्ये २०१२ साली उठली. त्यामुळे अशी संधी मिळणे बरेचदा पालकांच्या ओळखीपाळखीवर अवलंबून राहते. ज्या घरात संगीतक्षेत्रातील कोणाशीही परिचय नाही, तेथील मुलाला गायक-वादकांखेरीज संयोजक आणि हिशेबनीसही या क्षेत्रात पोट भरू शकतात, हे सांगणार कोण?