दार बंद होतं का?

चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या बिग स्ट्रीटजवळच्या गल्लीत, एका धर्मादाय दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर मानसोपचाराची ओपीडी भरली आहे. आडी, म्हणजे अम्मनच्या उत्सवांचा तमिळ महिना, चालू आहे. कोपऱ्यावरच्या अम्मनच्या देवळातला लाउडस्पीकर खिडकीतून थेट आत येतो. तपासून बाहेर पडलेल्यांपैकी जे तयार होतात त्यांना एक समाजकार्यकर्ती जिन्यापलीकडच्या खोलीत नेते. तिच्या हातात रुग्णानुभवाच्या प्रश्नावलीचा कच्चा मसुदा आहे. आज परीक्षा प्रश्नांची आहे: विचारलेलं समजतं का, आणि उत्तर देताना माणसाच्या मनात नेमकं काय येतं? रुग्णांना विचारून मी मागे बसतो.

समोर मॅन्शनमधला एक तरुण आहे. स्पर्धा परीक्षांसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली अशी कितीतरी मुलं इथल्या मॅन्शनांमध्ये खोली वाटून राहतात.

“तंबी, इथल्या उपचारांबद्दल समाधानी आहात?”

“सूपर, अक्का.” पाचपैकी पाच गुण.

“डॉक्टरांना जे सांगायचं ठरवून आला होतात, ते सगळं सांगून झालं?”

तो पंख्याकडे बघतो. दार उघडंच होतं, म्हणतो. रांगेत शेजारच्या खोलीतला मुलगा उभा होता. म्हणून फक्त झोप येत नाही एवढंच सांगितलं.

ती मसुद्यात नवा प्रश्न लिहिते: ‘तुम्ही बोलत असताना दार बंद होतं का?’

फुकट औषध देणाऱ्याला नावं ठेवायला कुणाची जीभ रेटत नाही. पुढच्या महिन्यात त्याच दारात यायचं असतं. म्हणून समाधान विचारलं की उपकाराची जाणीव तेवढी हाती लागते. काय घडलं हे विचारलं की माणूस बोलतो. हार्वे पिकर यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत उभारलेल्या संस्थेने रुग्णांच्या पाहण्यांना हीच दिशा दिली. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गुप्ततेचा हक्क देतो, सेवेतल्या उणिवांबद्दल तक्रार करण्याचाही देतो. पण उघड्या दारासमोर बसलेल्या मुलाला हे हक्क आपले वाटायचे, तर आधी कुणीतरी त्याला दाराबद्दल विचारलं पाहिजे.

आता आई आणि मुलगी येतात. घराणं तंजावरी मराठी. माझं आडनाव ऐकताच आई मराठीत बोलू लागते. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीच देते. समाजकार्यकर्ती तिला दुसऱ्या खोलीत बसवते, तिथे घरच्यांसाठीचा वेगळा कागद आहे. मग मुलगी हळूहळू सांगते: गोळीने दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत, वजन वाढलं, शिवणाचं काम सुटलं. गोळीचा असा परिणाम होऊ शकतो हे कुणी समजावलं नव्हतं. आईने नुकतंच ‘सगळं समजावतात’ म्हटलं होतं. दोघी खरंच बोलताहेत. समजावलं होतं ते आईला.

एका आजोबांना ‘गेल्या सहा महिन्यांत’ हे मोजता येत नाही. “अय्या, पोंगलपासून?” असं विचारताच आठवण सरसर उलगडते: दोनदा खिडकीवर गोळ्या अपुऱ्या मिळाल्या, एकदा बाहेरून विकत घेतल्या, एकदा पैसे नव्हते म्हणून घेतल्याच नाहीत. पाच पायऱ्यांच्या उत्तरांवर मात्र ते अडतात. ‘कधीच नाही, कधी कधी, नेहमी’ एवढं पुरतं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तामिळनाडूसह बारा राज्यं होती. आजारागणिक ७० ते ९२ टक्के माणसं उपचारांविना आढळली. अशा देशात जो जिना चढून इथवर आला, तो का टिकतो आणि का येणं सोडतो, हे त्याच्याच तोंडून कळायला हवं.

दुपारी मसुद्यावर बैठक बसते. डॉक्टर आहेत, समाजकार्यकर्ती आहे, आणि बरीच वर्षं उपचार घेणाऱ्या तीन व्यक्ती आहेत. त्यांतल्या एक बाई पहिलं पान पुढे सरकवतात.

“उत्तरं कोण वाचणार, ते इथे लिहा. आणि त्यातून काय बदललं, हे भिंतीवर कोणत्या तारखेला लागेल, तेही.”

“तारीख नंतर ठरवू,” डॉक्टर म्हणतात.

“मग छपाईही नंतर करू, सार.”

डॉक्टर कॅलेंडर मागवतात.