शेरूचे दात आणि आमची खेळणी

आमचा शेरू लॅब्राडॉर, दीड वर्षाचा. सासूबाईंची चप्पल, सोफ्याचा कोपरा आणि लेकाची क्रिकेटची बॅट एवढं त्याने पहिल्या सहा महिन्यांतच संपवलं. म्हणून ह्यांनी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून चूं चूं वाजणारं कापडी बदक आणलं. "भाळ गट्टी अद री," दुकानदार म्हणाला. बदक पाच मिनिटं टिकलं, आणि त्याच्या पोटातली पिपाणी शेरूने आमच्या डोळ्यांदेखत गिळली.

तसेच रिक्षात घालून त्याला पशुवैद्यांकडे नेलं. वेळेत पोचलो म्हणून इंजेक्शन देऊन उलटी करवता आली. उशीर झाला असता तर पिपाणी आतड्यात अडकून पोट उघडावं लागलं असतं. (घरी मीठ पाजून उलटी करवायला जाऊ नका, त्याने विषबाधा होते, असंही डॉक्टरांनी बजावलं.)

मग मी चिडून दगडासारखं टणक हाड आणायचं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, "वैनी, मग हाड टिकेल, दाढ फुटेल." कुत्र्याची वरची मोठी दाढ अशा टणक वस्तूंनी चिरते, शिंगांनीसुद्धा. त्यांनी सांगितलेली परीक्षा सोपी आहे: खेळण्यावर नख दाबा, थोडीही खूण उमटली नाही तर ते दातांसाठी कठीण समजा. शिजवलेली हाडं तर नकोतच, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात. दोरीच्या खेळण्याचे धागे निघू लागले की तेही टाकायचं.

म्हणजे हवं ते जाड, लवचिक रबर. त्याची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेतल्या कोलोराडोत जो मार्खम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घ्यायचा. फोक्सवॅगनची जुनी व्हॅन दुरुस्त करताना निघालेला रबरी भाग त्याने उचलला आणि तो सोडेना. त्यावरून 1976 साली 'काँग' हे पोकळ खेळणं बाजारात आलं. लाल रंगाचं नेहमीच्या कुत्र्यांसाठी, काळं शेरूसारख्यांसाठी. दोन्ही बाजूंना भोक असलेलं बघून घ्या. एकच भोक असेल तर हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते. आणि माप मोठंच घ्या, अख्खं तोंडात मावता कामा नये.

आम्ही काळं मागवलं. बदकापेक्षा कितीतरी महाग पडलं, पण फाटलेल्या बदकांचा हिशेब मांडला तेव्हा हे गप्प झाले. त्यात दही आणि उकडलेलं रताळं भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवते. मनुके आणि कांदा मात्र अजिबात नाही, दोन्ही कुत्र्यांना विषारी. सकाळी लेक शाळेला निघाला की खेळणं शेरूपुढे, आणि तास-पाऊण तास घरात शांतता! त्याला चावायचंच असतं, आणि तोवर आम्हाला ते कळलंच नव्हतं.

आठवड्याला मी ते धुऊन उजेडात बघते. परवा कडेला एक चीर दिसली, तेव्हा दुसरं मागवलं. नवी बॅट अजून कपाटावरच आहे.