माजी सैनिकाचा मान : शाल-श्रीफळाच्या पुढे



आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात पलटणीची परंपरा उसाच्या मळ्यापेक्षाही जुनी आहे. सातारा तालुक्यातल्या एका गावाचे नावच मुळी अपशिंगे मिलिटरी असे पडले. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने बसवलेला दगड गावात आहे. असा दगड नसला तरी आपल्या कार्यक्षेत्रात माजी सैनिक नाही असे गाव सापडणे कठीण.

पण हा माणूस ओळखू येत नाही. तो आपल्यासारखाच पाटाचे पाणी बघतो, उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात रांगेत उभा राहतो. लढाईचे विचारले, तर "त्यात काय एवढं, नोकरी केली" म्हणून विषय बदलतो.

हे मौन का, ते समजून घेण्यासारखे आहे. एक तर पलटणीत कोणतेही काम एकट्याचे नसते. जो परत आला, त्याला न आलेले सोबती आठवतात, आणि त्यांच्या पुढे स्वतःचे सांगणे त्याला फुशारकी वाटते. दुसरे, जे पाहिले ते पारावर बसून सांगण्यासारखे नसते.

शिपाई नामदेव जाधव यांचे उदाहरण घ्या. ते आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, मराठा पलटणीत निरोप पोचवण्याच्या कामावर होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीच्या काठी त्यांच्याभोवतीचे बहुतेक सगळे पडले. त्यांनी आधी दोन जखमींना, एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडे नेले. मग परत येऊन शत्रूच्या मशीनगन एकट्याने बंद पाडल्या. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शत्रूवर चालून जाण्याआधी त्यांनी सोबती वाचवले, हे ध्यानात घ्या.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावच्या मुरलीकांत पेटकरांचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे शेचाळीस वर्षांनी. जो स्वतः मागत नाही, त्याच्याकडे लक्ष जायला किती वेळ लागतो, हे यावरून दिसते.

पदकाचे एक वेळ राहू द्या. पण हा न मागण्याचा स्वभाव हक्काच्या कागदापर्यंत पोचला, की त्याची किंमत घरच्या बाईला मोजावी लागते. अग्निपथ योजना २०२२ साली आली. त्याआधी भरती झालेला शिपाई पंधरा वर्षे नोकरी झाली की पेन्शनला पात्र होतो आणि बहुधा चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. ट्रंकेत डिस्चार्ज बुक ठेवतो आणि त्याविषयी घरात अवाक्षर काढत नाही. पुढे तो गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी त्याची पत्नी बँकेत जाते, तेव्हा घोटाळा उघडकीला येतो. लष्कराच्या दप्तरी तिचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलण्याची रीत आहे, पण ते दप्तरात बदलून घेण्याची नाही! दुःखाच्या दिवसांत त्या माउलीला हेलपाटे पडतात.

म्हणून प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी, तो धडधाकट असतानाच, चार गोष्टी पाहून घ्याव्यात.

१. पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आहे का, आणि ती आधार व बँकेच्या पासबुकाशी जुळते का. फरक असेल तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातून दुरुस्त करून घ्यावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे ऑफिस बेळगावात आहे.

२. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर दिला जातो का. तो राहिला की पेन्शन अडकते. लष्करी पेन्शन आता 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून मिळते. वयस्कर माणसाला ते जमत नसेल, तर घरातल्या शिकल्या-सवरल्या पोराने मदत करावी.

३. ईसीएचएस ही औषधपाण्याची योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. तिचे कार्ड नवऱ्याचे आणि बायकोचे, दोघांचेही काढलेले आहे का.

४. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ कुठे ठेवले आहेत, हे घरच्या बाईला माहीत आहे का.

अडचण आली तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे माजी सैनिक आणि वीरपत्नी दोघांनाही मार्गदर्शन मिळते.

७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशी निधीला हातभार लावावा, सत्कारही जरूर करावा. आमचे म्हणणे एवढेच, की शाल खांद्यावर टाकताना घरच्या कागदांचीही विचारपूस करावी. तो आपणहून सांगणार नाही, म्हणून आपणच विचारायचे. गावात अशी एखादी बाई हेलपाटे घालीत असेल, तर शेजारच्या सभासदाने एक दिवस मोडून तिच्याबरोबर जिल्ह्याला जावे. सीमेवर त्याने आपल्यासाठी किती दिवस मोडले, याचा हिशेब त्याने कधी मांडलेला नाही.