बदके पाडणारी बंदूक

टीव्हीच्या पडद्यावर बदके उडत आहेत, हातात प्लॅस्टिकची बंदूक आहे आणि चाप ओढताच एक बदक खाली पडते. १९९० च्या दशकात अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात वाढलेल्या अनेकांनी, निदान शेजाऱ्यांकडे, हा खेळ पाहिला असेल. त्याचे नाव ‘डक हंट’. जपानच्या निन्टेंडो कंपनीने तो १९८४ मध्ये काढला. आपल्याकडे तो मुख्यतः त्या कंपनीच्या यंत्राच्या स्वस्त नकलांबरोबर आला.

या बंदुकीतून टीव्हीकडे काय जात असे? वर्गात विचारून पाहा. ‘किरण’ हे उत्तर हमखास मिळेल. वास्तविक काहीच जात नसे. नळीत एक भिंग व त्यामागे प्रकाशसंवेदक असतो, आणि प्रकाश टीव्हीकडून बंदुकीकडे येतो. बंदूक म्हणजे एक डोळाच.

चाप ओढला की यंत्र पडदा क्षणभर काळा करते आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढते. आपल्याकडील जुन्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा पडदा रेखाटला जाई, म्हणजे एका वेळेस २० मिलिसेकंद. आधी अंधार आणि मग उजेड असा क्रम संवेदकाने कळवला तर नेम बरोबर. बदके दोन असतील तर चौकोन एकामागून एक येतात. उजेड कोणत्या चित्राच्या वेळी दिसला त्यावरून कोणते बदक पडले ते ठरते. आधी अंधार हवा, यातही युक्ती आहे. बंदूक जळत्या बल्बकडे रोखली तर तिला अंधार दिसतच नाही आणि लबाडी उघडी पडते. (ही लबाडी मुलांनी करून पाहिली नसेल, असे मानायचे कारण नाही!)

माळ्यावरचे असे यंत्र आजच्या सपाट टीव्हीला जोडले तर खेळ दिसतो, पण बदक पडत नाही. बंदूक बिघडलेली नसते. जुन्या चित्रनळीत इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला १५,६२५ ओळी आखतो आणि संदेश येताच पडद्यावर ठिपका उजळतो. सपाट टीव्ही मात्र आलेले चित्र आधी साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. चौकोन दिसेपर्यंत यंत्राची विचारणा संपलेली असते. शिवाय मूळ बंदुकीतील मंडल सुमारे १५,००० हर्ट्झने स्पंदणाराच प्रकाश ओळखते. सपाट पडद्याचा उजेड तसा नसतो.

डोळ्यातून किरण निघून वस्तूला भिडतात, असे युक्लिड मानत असे. न्यायदर्शनातही तसाच विचार आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने तो सविस्तर खोडून काढला. तरीही आपले विद्यार्थी आकृतीत बाण डोळ्याकडून वस्तूकडे काढतात. पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा ही बंदूक त्यांना लवकर पटेल.

त्यासाठी चित्रनळीचा चालू टीव्ही हवा, आणि असे टीव्ही भराभर भंगारात चालले आहेत. एखादा मिळाला तर लहान सौरघटाच्या दोन तारा ध्वनिवर्धकाच्या माइकच्या खाचेत जोडा व घट पडद्यासमोर धरा. घरघर ऐकू येईल. ती सेकंदाला ५० वेळच्या रेखाटनाची आहे. सेलवर चालणाऱ्या साध्या बल्बसमोर घट गप्प राहतो. टीव्हीतून एक बारीक शीळही येते. ती मुलांना ऐकू येते, पन्नाशीतल्या शिक्षकांना बहुधा नाही.

टीव्हीचे मागचे झाकण मात्र उघडू नये. रंगीत चित्रनळीवर २०,००० व्होल्टपेक्षा अधिक दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.