बांधकामाच्या अध्यापनातील दृक्-श्राव्य साधने : भोकरदन परिसराच्या अनुषंगाने

बांधकाम हा विषय शिकविताना एक विशेष अडचण उभी राहते. या शास्त्रातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी काम पुरे होताच दृष्टीआड होतात. पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये गडप होते, दगडी भिंतीचे पोट गिलाव्यामागे लपते. भोकरदन येथे केळणेच्या काठी जे कोरीव लेणे आहे, त्यात छिन्नीचे काम आजही डोळ्यांनी तपासता येते. त्याच गावातील नव्या स्लॅबच्या घराबाबत तसे म्हणता येत नाही. म्हणून व्यवसायशिक्षणाच्या वर्गात साधनाचे पहिले कार्य झाकलेले उघडे करून दाखविणे हे होय. विषय रंजक करणे ही पुढची गोष्ट.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक शिक्षणाच्या व्यवसायाभिमुखतेचा आग्रह धरला. महाराष्ट्रात पुढे उच्च माध्यमिक स्तरावर द्विलक्षी अभ्यासक्रम आणि १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. तांत्रिक शाखेत बांधकामालाही स्थान मिळाले. अशा वर्गात येणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याने सुट्टीत गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहिलेली असणे मुळीच असंभवनीय नाही. ओळंबा, गुण्या, थापी यांची चित्रे त्याला दाखविणे व्यर्थ होय. ती हत्यारे तो शिक्षकाइतक्याच सफाईने हाताळतो. उणीव असते ती कारणमीमांसेची.

साधनांच्या चर्चेत एडगर डेल यांचा 'अनुभवाचा शंकू' (१९४६) हटकून येतो. वाचलेले दहा टक्के, ऐकलेले वीस टक्के स्मरणात राहते, अशा ज्या आकड्यांसह तो अनेक प्रबंधांत उद्धृत होतो, ते आकडे डेल यांचे नव्हेत. ते मागाहून इतरांनी चिकटविले. शिवाय प्रत्यक्ष अनुभव सर्वश्रेष्ठ, चित्र कनिष्ठ, अशी प्रतवारी डेल यांनाही अभिप्रेत नव्हती. बांधकामात तर ती उघडच फसते. पुऱ्या झालेल्या इमारतीला दिलेली भेट हा प्रत्यक्ष अनुभव खरा, पण त्यात सळईचे दर्शन घडत नाही. फोमचा एक तुकडा ते काम अधिक चांगले करतो.

छज्जाचे उदाहरण येथे सविस्तर घेणे योग्य ठरेल. दोन्ही टोकांना आधार असलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळई तळाशी लागते, कारण भाराने स्लॅब मध्यभागी लवतो व त्याची खालची बाजू ताणली जाते. छज्जा एकाच बाजूने भिंतीत धरलेला असतो. त्याचे मोकळे टोक खाली झुकू पाहते आणि ताण वरच्या बाजूस पडतो. सळई तेथे वरच हवी. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारच थोडा. हे सूत्र विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु काँक्रीट ओतताना वरच्या सळयांवर पाय पडून त्या खाली दबतात, तेव्हा त्या पुन्हा उचलून आधारावर बसविण्याची निकड त्यांना वाटत नाही. असा छज्जा सेंट्रिंग काढताना, किंवा पुढे कोणी त्यावर उभे राहिले असता, भिंतीलगत तुटून कोसळू शकतो.

फोमच्या पट्टीच्या बाजूवर शाईने उभ्या समांतर रेषा ओढाव्यात. पट्टी दोन विटांवर ठेवून मध्ये दाबली की रेषांची खालची टोके फाकतात. एक टोक विटेखाली धरून दुसरे खाली दाबले की वरची फाकतात. यानंतर विद्यार्थ्यांकडून दोन लहान छज्जे ओतून घ्यावेत, एकात सळई वर, दुसऱ्यात तळाशी. २८ दिवसांनी टोकावर सुरक्षित अंतरावरून विटा रचाव्यात. जालना हे लोखंडी सळईच्या कारखान्यांचे शहर असल्याने सळईचे तुकडे मिळविणे या भागात कठीण नाही. काळ्या फळ्यावरील आकृतीचे महत्त्व याने कमी होत नाही. मात्र तिचा क्रम पट्टीनंतरचा.

पायाच्या बाबतीत तर साधन शाळेच्या कुंपणाबाहेरच पडलेले आहे. बेसाल्टपासून झालेली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि उथळ पायाच्या भिंतींना तडे देते. चाळलेल्या कोरड्या मातीचे प्रत्येकी १० ग्रॅम वजनाचे दोन नमुने १०० मिलिलिटरच्या दोन मापनळ्यांत घेऊन एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोहोंच्या उंचीतील फरक विद्यार्थ्याने स्वतः मोजला, की मुरूम लागेपर्यंत खोल जाण्याचा खर्च त्याला अनाठायी वाटत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर कंद असलेल्या खांबांचा पाया का विकसित केला, हेही मग सांगता येते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे बहुतांशी स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे बाहेरचे व आतले थर परस्परांत गुंतलेले नव्हते. आरपार जाणारे बांधदगड नव्हते. वर माळवदाचा भार होता. अशा भिंतीचा आडवा छेद दाखविणारी, टेबलावर हलविता येणारी दोन प्रतिरूपे, एक बांधदगडांसह व एक त्यांविना, मराठवाड्यातील कोणत्याही बांधकामवर्गात असणे अगत्याचे आहे.

चित्रफितीचा उपयोग याहून मर्यादित आहे. जी क्रिया वर्गाच्या तासिकेत मावत नाही तिथे ती शोभते : भर उन्हाळ्यात सात दिवस पाणी मारलेला व न मारलेला स्लॅब कसा बदलत जातो, हे मोबाईलवर रोज टिपलेल्या छायाचित्रांतून दाखविता येते. काँक्रीटमध्ये पाणी किती झाले, हे मात्र पडद्यावर पाहून कळत नाही. त्यासाठी ३० सेंटिमीटर उंचीचा साचा भरून उचलावा लागतो आणि काँक्रीट किती खचले ते पट्टीने मोजावे लागते.