मीही तिला परत पाठवलं होतं

आमच्या बचत गटात एक जण होती. नवरा दारू पिऊन मारायचा. एकदा रात्री दहाला सुजलेला डोळा घेऊन ती माझ्या दारात आली. मी चहा दिला आणि म्हटलं, "लेकराकडे बघ, सांभाळून घे गं." माहेरीही तिला हेच ऐकवलं होतं.

पुढच्या महिन्यात ती गटाला आलीच नाही. लांबच्या नात्यातल्या एका बाईने 'मुंबईत घरकाम आहे, राहणं-खाणं फुकट, मुलाला नंतर नेऊ' असं सांगून तिला नेलं होतं. पोचल्यावर कळलं, काम घरातलं नव्हतं. दोन वर्षांनी पोलिसांच्या छाप्यात ती सुटली.

मैत्रिणींनो, बायका पळवणारा म्हटलं की आपल्याला तोंडाला फडकं बांधलेला गुंड दिसतो. अहो, दलाल पुष्कळदा ओळखीचाच असतो, कधी बाईच असते. आपण दार लावून घेतो, तेव्हा विचारपूस करायला तीच येते.

घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. घर नवऱ्याच्या नावावर असलं, तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, १८१ वर फोन करता येतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही हं! शिबिरात मीच समजावून सांगायचे. पण वेळेला तोंडातून आजीचंच वाक्य आलं.

ती परतली तेव्हा गल्लीत एकच सूर, 'आपल्या पायाने गेली ना?' फसवून, आमिष दाखवून शोषणासाठी नेलं, तर तिची संमती कायदा जमेस धरतच नाही. आधी भारतीय दंड विधानाचं कलम ३७० होतं, २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १४३. दोन्हींत हे स्पष्ट लिहिलंय. आणि दुसरा प्रश्न, 'तिथे काय काय झालं?' पोलिसांना सांगून झालं, कोर्टाला सांगायचंच होतं, मग आम्हाला कशाला सांगायचं?

तिला हवं होतं रेशनकार्डात नाव, बँकेत खातं, शिलाईचं काम आणि कोर्टात सोबत. आम्ही तिघी आळीपाळीने जायचो. तारखांवर तारखा! ती नातेवाईक बाई समोर दिसली की हिचे हात गार पडायचे. तरी साक्ष पुरी दिली.

मुलगा अजून सासूकडे आहे. त्याच्या ताब्यासाठी याच कायद्याखाली अर्ज केलाय. पुढची तारीख श्रावणात आहे.