लंगोट धुताना रंग बघा!

मैत्रिणींनो, जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत बाळ थोडं पिवळं दिसू लागतं. बहुतेकांची ही कावीळ आपोआप उतरते. म्हणून घरातल्या मोठ्या बायका सांगतात, "कोवळ्या उन्हात धरा, जाईल." पण दोन आठवडे उलटूनही डोळे पिवळेच असतील, तर उन्हाच्या भरवशावर राहू नका.

लंगोट धुताना शीचा रंग बघा. शी खडूसारखी पांढरट किंवा मातकट दिसली, लघवीचे गडद पिवळे डाग पडू लागले, तर पित्त आतड्यात उतरत नसल्याची शंका घ्या. काही बाळांच्या पित्तनलिका जन्मापासून किंवा जन्मानंतर लवकरच बंद होतात. डॉक्टर याला 'बिलिअरी अट्रेशिया' म्हणतात. साठलेलं पित्त यकृताची नासाडी करतं. बाळ मात्र सुरुवातीला छान गुटगुटीत दिसतं, आणि इथेच फसगत होते!

जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५९ साली यावरची शस्त्रक्रिया मांडली. त्यात आतडं थेट यकृताला जोडतात. ती साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. उशीर झाला तर बहुधा यकृत प्रत्यारोपणच करावं लागतं. तैवानमध्ये २००४ पासून आयांना शीच्या रंगांचं कार्डच देतात.

तेव्हा "सव्वा महिना होऊ दे, मग बघू" म्हणू नका. आशाताई घरी आल्या की लंगोट दाखवा, त्यात लाज कसली? डॉक्टरांना 'डायरेक्ट बिलिरुबिन' तपासायला सांगा. आईची नजर वेळेवर पडली, तर लेकराचं यकृत वाचू शकतं.